हरिजन वस्ती : निरंक

मु. बोरदरी, पो. किन्हीराजा
११ डिसेंबर १९७२

प्रिय देवमनदादास,
अंजनाचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आपल्या वस्तीची विहीर सकाळी चार बादल्या देते आणि मग दिवसभर रुसून बसते. गावातल्या मोठ्या विहिरीला अजून पाणी आहे, पण तिथली तऱ्हा तुला ठाऊकच आहे. आपण खाली घागरी मांडून उभं राहायचं आणि वरच्या कोणाला दया आली की तिनं ओतायचं. माणिकराव पाटलांची कस्तुराबाई ओतते, नाही असं नाही. पण तिचं सुनेशी वाजलेलं असलं की त्या दिवशी आपण कोरडेच परत येतो.

रुख्मिणीवैनीला तिसरा महिना लागला आहे. तू विचारायला लाजशील म्हणून आपणहून सांगते. उलट्या होतात, बाकी बरी आहे. माय असती तर तिनं काहीबाही करून खाऊ घातलं असतं. मला भाकरीपलीकडे काही जमत नाही.

खरी बातमी पुढेच आहे. टंचाईची पाहणी करायला तुझ्याच कचेरीतून माणूस आला होता. छापील फॉर्म घेऊन चावडीत बसला. आपल्या वस्तीतून बाबांना बोलावलं. त्यानं विचारलं, "पुंजाजी, हरिजनवाडा केवढा आहे?"

बाबा म्हणाले, "हरिजन आमच्या गावात एकबी नाही, साहेब."

"मग तुम्ही कोण?"

"आमी बौद्ध. छप्पन्न सालापासून."

त्यानं एकदा बाबांकडे पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. बाबा घरी आले ते खटला जिंकल्यासारखे. साऱ्या वस्तीला तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा मला सांगायला लावलं. खरं सांगू, मलाही बरं वाटलं.

टँकर कधी येणार ते कळव. तुझं पत्र आलं की बाबा मला पुढ्यात बसवून वाचायला लावतात, तेव्हा जरा मोठं अक्षर काढ.

तुझी
अंजना

*

वाशीम
२० डिसेंबर १९७२

चि. अंजना हिस अनेक आशीर्वाद. बाबांना सविनय जयभीम सांग.

बाबांचं उत्तर वाचून माझी छाती फुगली. आमच्या शाखेत मी ते कोणाला सांगितलं नाही, पण दिवसभर मनात घोळवलं.

आता कामाचं. तलावाचं पाणी यंदा शेतीला बंद. उरला साठा सगळा पिण्यासाठी राखून ठेवला आहे. सांडव्यापाशी चौकीदार नेमला आहे, तुमच्या बाजूच्या तांड्यातला गुलाबसिंग. तलावातूनच टँकर भरायचे आणि बारा गावांना द्यायचे, असा हुकूम झाला आहे. सध्या पाणी अकरा फूट आहे, ते मृगापर्यंत पुरवायचं म्हणतात. बोरदरीचं नाव जानेवारीच्या यादीत आहे. ती यादी साफ अक्षरात मीच उतरवली, त्यामुळे काळजी नको.

रुख्मिणीला घागर उचलू देऊ नकोस. खोली मिळाली की तिला इकडे आणीन. सध्या आम्ही तिघे कारकून एका खोलीत राहतो.

देवमन

*

बोरदरी
१६ जानेवारी १९७३

प्रिय दादास जयभीम.

टँकर आला. म्हणजे आमच्या समोरून गेला.

तलावाकडून येणारी वाट आपल्या वस्तीवरूनच जाते. आम्ही साऱ्याजणी रांजण धुऊन, घागरी ओळीत लावून बसलो होतो. गाडी थांबलीच नाही. सरळ गावात गेली आणि मोठ्या विहिरीत रिकामी झाली. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "मायबाई, माह्या कागदावर बोरदरीत एकच ठिकान हाय. तुमची वस्ती मले दाखोलीच नाही." माणूस वाईट नव्हता. त्यानं कागदही दाखवला, पण तो इंग्रजी आकड्यांचा, मला काय कळणार?

आता एक दिवसाआड हेच चालतं. गाडीचा नळ गळका आहे, तेव्हा वस्तीतल्या दोघी-तिघी मागे बादल्या घेऊन धावतात. मोठ्या विहिरीवर आता आधी गावाच्या घागरी भरतात. कस्तुराबाई म्हणते, "सरकारी पानी साऱ्याइचंच हाय बाई, थांबा जराशा." ते थांबणं उन्हं डोक्यावर येईस्तोवर चालतं आणि तोवर विहिरीत चिखल उरतो.

म्हणून आम्ही दीड कोस चालून तलावावर जातो. तिथून पाणी घ्यायला बंदी आहे, पण गुलाबसिंग पाठ करून बसतो. कडेच्या गाळात झिरे खणायचे आणि वाटीनं भरायचं. एका घागरीला तास लागतो.

वैनी घरीच असते. तिची काळजी करू नकोस.

आपली वस्ती कागदावर का नाही, तेवढं बघ.

अंजना

*

वाशीम
२४ जानेवारी १९७३

चि. अंजना,

तुझं पत्र वाचून मी लगेच मूळ फॉर्म काढून पाहिला. त्यात एक रकाना आहे: 'हरिजन वस्ती, असल्यास लोकसंख्या व स्वतंत्र पाणीपुरवठ्याची गरज.' त्यापुढे लिहिलं आहे, 'निरंक.' कचेरीच्या भाषेत निरंक म्हणजे काही नाही, शून्य.

बाबा म्हणाले हरिजन कोणी नाही, आणि त्यानं तेच लिहिलं. वस्ती नाही, म्हणून वस्तीला टँकर नाही.

तुला हे लिहिताना लाज वाटते, पण लपवून काय करू? साफ यादी करताना मी तो शब्द पाहिला होता. बोरदरी, निरंक. माझ्याच अक्षरात तो पुढे गेला. मला कळायला हवं होतं. पण तेव्हा मला त्यात बाबांचा आवाज ऐकू आला आणि मी उगाच खूश होऊन पुढचं गाव लिहायला घेतलं.

उपाय सोपा आहे. वस्तीतल्या जबाबदार माणसानं दुरुस्तीचा अर्ज करायचा: 'आमच्या गावी हरिजन वस्ती असून तीस स्वतंत्र टँकर मिळावा.' नमुना सोबत जोडला आहे. वस्तीचे पंच म्हणून बाबांचीच सही लागेल. सही आली की पंधरा दिवसांत गाडी थांबेल. बाबांना समजाव, हा नुसता कागद आहे.

देवमन

*

बोरदरी
६ फेब्रुवारी १९७३

प्रिय दादास,

नुसता कागद आहे, हे तू त्यांच्या तोंडावर येऊन सांग. मी सांगून पाहिलं.

नमुना वाचून दाखवला. 'हरिजन वस्ती' आल्याबरोबर बाबांनी हात वर केला, बस म्हणाले. मग म्हणाले, "ते नाव आमी सोडलं. देवं नदीत सोडले, मेलेलं ढोर ओढनं सोडलं, मागून खानं सोडलं. आता एका टाकी पान्यासाठी तेच नाव पुन्हा अंगात घालू?"

मी म्हटलं, "बाबा, तहान लागलेल्याला काय नाव?"

ते म्हणाले, "नाव घेतल्याशिवाय पानी देत नाही ना ते? मंग नाव कसं नाही?"

यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर पाठव. तू शिकलेला आहेस.

वस्तीत आता दोन मतं झाली आहेत. हिरीबाई उघड म्हणते की पुंजाजीच्या ताठ्यापायी आमच्या घागरी फुटून राहिल्या. पण बाबांना डावलून सही करायला कोणी पुढे येत नाही. वस्तीची विहीर बाबांनीच खणून घेतली होती, तो मान आहे.

तू 'बौद्ध वस्ती' लिहून अर्ज कर ना. वस्ती तीच, माणसं तीच. बाबा त्यावर दोन सह्या करतील.

नमुना बाबांनी फाडला नाही. बाबासाहेबांच्या फोटोमागे खोचून ठेवला आहे. कशाला, ते विचारायची माझी हिंमत नाही.

अंजना

*

वाशीम
२ मार्च १९७३

चि. अंजना,

'बौद्ध वस्ती' म्हणून अर्ज तयार केला, वस्तीच्या नावानं दाखल केला. काल परत आला. शेरा असा: 'असा रकाना नाही.' मी मोठ्या कारकुनांकडे गेलो. ते वाईट बोलले नाहीत. म्हणाले, "फॉर्म जुने आहेत हो. नवे छापून येतील, त्यात नवबौद्ध असेल. तोवर आहे त्यात बसवा." तलावात पाच फूट पाणी उरलं आहे आणि फॉर्म अजून छापायचे आहेत.

आता यापुढचं बाबांना वाचून दाखवू नकोस.

मी ज्या दाखल्यावर या नोकरीला लागलो त्यावर काय लिहिलं आहे, माहीत आहे? 'हिंदू महार.' बाबांना वाटतं बौद्ध लिहिलं आहे. पाचवीला बोर्डिंगात घातलं तेव्हापासून माझ्या शाळेच्या कागदांवर तेच आहे. हेडमास्तरांनी लिहिलं असेल. मोठा झाल्यावर मी ते बदलून घेऊ शकलो असतो. घेतलं नाही. त्याच नावावर जेवलो, शिकलो, खुर्चीवर बसलो, आणि दर चौदा एप्रिलला घरी येऊन बाबांच्या शेजारी पांढरे कपडे घालून उभा राहिलो.

तेव्हा त्या नावाची चीड मला नाही असं नाही, पण ते घेतल्यानं माणूस मरत नाही, एवढं मी अंगावर काढलं आहे. तूच बाबांची सही मिळव. हवं तर माझी शपथ घाल. पाच फुटांच्या खाली गेलं की गाळाचं पाणी लागेल, मग टँकरही मिळणार नाही.

रुख्मिणीला सहावा लागला ना? जप.

देवमन

*

बोरदरी
१९ मार्च १९७३

दादास,

तू वैनीला वाशीमच्या दवाखान्यात घेऊन गेलास त्याला आज दोन दिवस झाले. तू आलास तेव्हा घाईत मी काही बोलले नाही आणि तूही विचारलं नाहीस. पण हे मला लिहूनच टाकायचं आहे.

वैनी घरी नसायची. मी खोटं लिहीत होते. जानेवारीपासून ती रोज माझ्याबरोबर तलावावर यायची. मी नको म्हणायचे. ती म्हणायची, "एका घागरीत तीन जनं कसे भागतीन, अंजनाबाई? तुमच्या दादाले लिहू नका, ते तिथं कामात हायत." मी लिहिलं नाही. मला एक घागर जास्त मिळत होती, हेही खरं आहे.

त्या दिवशी पाणी आणखी आत सरकलं होतं. झिऱ्यापर्यंत जायला गुडघाभर गाळ. ती भरली घागर डोक्यावर घेऊन वळली, एक पाय रुतला आणि ती सांडव्याच्या दगडांवर पोटावर पडली. घागर फुटली. उठून आधी ती घागरीच्या खापऱ्या गोळा करायला लागली. मग तिला कळलं. गुलाबसिंगनं स्वतःची बैलगाडी जुंपली आणि किन्हीराजापर्यंत आणून सोडलं. पुढचं तू पाहिलंस. मुलगा होता, हे नर्सनं मला सांगितलं. तुला सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी बाबांनी फोटोमागचा कागद काढला. म्हणाले, "वाच." मी वाचला. "पुन्हा वाच. हळू." मी पुन्हा वाचला, तो शब्दही वाचला. त्यांनी विचारलं, "सही कुठं करू?" बाबांना पुंजाजी एवढंच लिहिता येतं आणि त्याला फार वेळ लागतो. मी मदतीला बोट लावलं तर माझा हात बाजूला केला.

कागद खिशात घालून आज सकाळीच निघाले. पायीच गेले असतील.

अंजना

*

वाशीम
२८ मार्च १९७३

चि. अंजना,

बाबा आले होते. मी टेबलाशीच होतो. आधी वाटलं रुख्मिणीला बघायला आले. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, अर्ज आनला." कचेरीत सारे बघत होते. मी उठायला लागलो तर हातानंच बस म्हणून खुणावलं. अर्ज दाखल करून घेतला, पावती दिली. पावती नीट घडी करून ठेवली आणि निघाले. मी मागे धावलो, म्हटलं खोलीवर चला, रुख्मिणी आहे. ते म्हणाले, "तिच्यासमोर नाही जात मी."

मंजुरी झाली आहे. एक एप्रिलपासून बोरदरीला दोन ठिकाणी टँकर, गाव आणि हरिजन वस्ती.

माझ्याबरोबरच्या दोघांनी दुसरीकडे सोय पाहिली, म्हणून खोली आता आमचीच आहे. रुख्मिणी चालते, फिरते. इथं नळ सकाळी तासभर येतो. भांडी भरून झाली तरी ती नळापाशी बसून असते, बंद होईपर्यंत.

तू खोटं का लिहिलंस म्हणून रागवायला बसलो होतो. पण मीही तुला अर्धंच लिहीत होतो. कोणी कोणाला बोलायचं?

देवमन

*

बोरदरी
५ मे १९७३

प्रिय दादास जयभीम.

टँकर नेमानं येतो. तलाव आटत आला म्हणून आता लांबच्या धरणावरून भरून आणतात. वस्तीच्या विहिरीत ओततात, त्यामुळे साऱ्यांना मिळतं. घरटी तीन घागरी येतात. हिरीबाई आता बाबांचं नाव आदरानं घेते. पोरांच्या अंगाला दोन महिन्यांनी पाणी लागलं.

पण बाबा त्यातलं पाणी पीत नाहीत.

पहिल्या दिवशी मी तांब्या भरून दिला, त्यांनी खाली ठेवला. मला वाटलं तहान नसेल. दुसऱ्या दिवशी पहाटेच लहान कळशी घेऊन कुठंतरी गेले. गुलाबसिंगकडून कळलं, तलावावर जातात. जिथं वैनी पडली तिथंच झिरा खणून बसतात, कळशी भरते तोवर बसतात आणि दीड कोस परत येतात. ते गढूळ पाणी फडक्यानं गाळून पितात. भाकरी खातात, तीही मी त्या पाण्यात पीठ भिजवलं तरच. पायाला सूज आली आहे. त्यात दोनदा जुलाब झाले.

मी हात जोडले. म्हटलं, "बाबा, सही तर केली, आता नावाचा राग पान्यावर काहून काढता?" ते कळशी उचलून वाटेला लागले. एवढा ताठा मी कोणाचा पाहिला नाही, दादा. सख्खं नातवंड गेलं तरी नाव सुटत नाही. आपल्या बापाविषयी असं लिहू नये, पण माझा जीव जळतो म्हणून लिहिते.

आता तूच त्यांना लिही, मला नको. तुझं तरी ऐकतील.

अंजना

*

वाशीम
१२ मे १९७३

तीर्थरूप बाबांस, देवमनचा जयभीम.

मी जन्मात पहिल्यांदा तुमच्या नावानं पत्र लिहीत आहे. आजवर सारं अंजनामार्फत चाललं.

तुम्ही टँकरचं पाणी पीत नाही असं कळलं. त्या नावानं आलेलं पाणी नको, हे तुमचं म्हणणं असेल तर मग माझ्या हातचंही काही घेऊ नका. कारण माझी नोकरी त्याच नावावर मिळाली आहे. माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' लिहिलं आहे आणि मी ते तुमच्यापासून इतकी वर्षं लपवलं. तुम्हाला राग येईल तो माझ्यावर काढा. पण पाणी प्या. डॉक्टर म्हणतात, गाळाच्या पाण्यानं या वयात माणूस दगावतो.

तुम्ही पाणी पीत नाही, हे रुख्मिणीला मी अजून सांगितलेलं नाही.

आपला
देवमन

*

किन्हीराजा, पोस्ट हाफिस
२१ मे १९७३

देवमनले पुंजाजीचा जयभीम.

हे पत्र मी पोस्टात बसून पोस्टमास्तरकून लिहून घेऊन राह्यलो. त्याईले म्हटलं, मी जसं बोलतो तसंच लिहा, सुधारू नका. तुयं पत्र बी त्याईनंच वाचून दाखोलं. अंजी वाचताना मधातच थांबते आन् उडी मारते. मले वाचता येत नाही, पन कागदावर किती ओळी हायत आन् तोंडातून किती निंघाल्या, ते समजते. तुयं मार्च महिन्याचं पत्र मी तवाच इथं आनून वाचून घेतलं होतं.

दाखल्याचं तू मले नवं काही सांगितलं नाही. ते हेडमास्तरनं आपल्या मनानं लिहिलं नव्हतं. तुले बोर्डिंगात घालाले मीच आनलं होतं. तू बाहेर पायरीवर बसला होता, फुटाने खात. त्याईनं मले इचारलं, जात सांग. मी बौद्ध सांगितलं. ते म्हने, बौद्धाले बोर्डिंगात जागा नाही, पाहा मंग. मी तुयाकडं पाह्यलं आन् महार सांगितलं. घडीभर बी इचार केला नाही. धर्म घेऊन दोन वर्सं बी नव्हती झाली. बाहेर येऊन मी मनात म्हटलं, हे एकदाच. पुन्हा ह्या तोंडातून ते नाव काढनार नाही. तुले सांगितलं नाही, तुले लाज वाटू नये म्हनून.

तवा चावडीत त्या मानसानं इचारलं तं मले लय बरं वाटलं होतं. वाटलं, आज फेडलं.

अंजीले वाटते मी ताठ्यानं पीत नाही. तुले वाटते नावासाठी पीत नाही. नावाचं आता मले काही नाही. ते मी सही करून देऊन आलो. पन तूच पाय ना. तुयासाठी ते नाव घ्याले मले घडी बी लागली नाही. तुया लेकरासाठी दीड महिना लागला. तो कागद फोटोमागं होता आन् सून माह्यासमोरून रोज कळशी घेऊन जात होती. मले दिसत होतं. अंजी तुले खोटं लिहित होती, मी तिले हटकलं नाही. मी म्हनत होतो, दोन दिवस पाहू, चार दिवस पाहू, दुसरा कोनी सही करीन.

ते टँकरचं पानी त्या लेकराच्या वाटचं होतं. उशिरा आलं. ते मी कोन्या तोंडानं पिऊ?

डाक्टरचं मले सांगू नको. हे सारं रुख्मिणीले वाचून दाखव. तिनं पे म्हटलं तं पेतो. तिनं काही म्हटलं नाही तं तिच्यावर जोर करू नको, तिले म्हनाची गरज नाही. तोवर तलावात हातभर पानी हाय.

पुंजाजी